भिंतीवरचे पेटंट

माझा धाकटा भाऊ पेटंट वाचत नसे. तसे आपल्यापैकी कुणीच ते वाचत नाही. पण आपण कंटाळा म्हणून वाचत नाही, आणि त्याचा तो नेम होता.

त्याच्यासारखे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांत अशी एक जुनी शिकवण आहे, आणि ती वकिलांनीच त्यांना दिलेली आहे. एखादे पेटंट वाचून नंतर तीच गोष्ट केली, तर तुम्ही जाणूनबुजून चोरी केली. न वाचता केली, तर तुमच्या हातून नकळत घडले. भुर्दंड दोन्हींकडे आहेच, पण पहिल्यात माणूस पार बुडतो. तेव्हा शहाण्याने त्या कागदांकडे पाहूच नये. माझ्या भावाने ही शिकवण इतकी मनावर घेतली होती, की वर्तमानपत्रात 'पेटंट' हा शब्द दिसला तरी तो पान उलटायचा.

त्याच्या प्रोग्रॅमचे नाव 'गवंडी'. मी आयुष्यभर छापखान्यात प्रुफे तपासली. त्यामुळे यातले मला जेवढे समजले तेवढेच सांगतो, आणि त्यातही चूक असण्याचा संभव आहे. मोठा प्रोग्रॅम म्हणजे हजारो लहान फायलींचा ढीग असतो. माणसांनी लिहिलेल्या त्या फायली यंत्राला कळतील अशा भाषेत आणायच्या, एकमेकींना जोडायच्या आणि त्यातून चालता प्रोग्रॅम उभा करायचा, या कामाला ते लोक बिल्ड म्हणतात. आता एका फायलीत एक अक्षर बदलले, तर सगळी इमारत पुन्हा पायापासून बांधायची का? इथे गवंडी कामाला येई. तो प्रत्येक फायलीतल्या मजकुराचा ठसा घेऊन ठेवी, आपण अंगठ्याचा घेतो तसा. पुढच्या वेळी ठसा तोच निघाला, तर ती वीट तो पुन्हा भाजत नसे. आधीची उचलून बसवी. ती वीट तुमच्याच यंत्रावर भाजलेली असायला हवी असेही नव्हते. सोबतच्या कुणी भाजून ठेवली असेल तर ठसा पटवून तिथून आणी. दिवसभराचे काम चहा होईपर्यंत उरके.

हे सगळे तो फुकट देत असे. ज्याला हवे त्याने घ्यावे, उघडून पाहावे, बदलावे, पुढे द्यावे. जगभरातून माणसे त्याला लिहीत. एकमेकांशी बोलायला त्यांची एक पत्रयादी होती. एकाने लिहिलेले सगळ्यांना पोचे. तिथे त्याला सगळे 'मिस्त्री' म्हणत. गवंडीची मार्गदर्शक पुस्तिका मी लिहिली होती. म्हणजे तो सांगे, मी लिहून काढी, आणि मला जिथे कळले नाही तिथे तो पुन्हा सांगे. "दादाला कळलं की जगाला कळलं," असे तो म्हणायचा. यात माझे कौतुक किती आणि थट्टा किती, हे मी कधी विचारले नाही.

त्याची मुलगी या ठशातच वाढली. आम्ही तिला ठमी म्हणतो. घरामागच्या कोठीच्या खोलीत त्याचे यंत्र होते. टेबलाच्या एका टोकाला तो बसे आणि दुसऱ्या टोकाला तिची वह्या-पुस्तके असत. कालचे उरलेले जेवण ताटात आले की ही शेंबडी पोर झाकण उघडून म्हणायची, "बाबा, ठसा कालचाच आहे!" दोघे खिदळायचे. भावजय म्हणायची, "मग काल ज्यांनी केलं त्यांच्याकडेच जेवा आज."

ठमी शिकली, मोठ्या कंपनीत लागली. नोकरीला काही वर्षे झाल्यावर एकदा तिच्याकडून एक जड खोके आले. आत लाकडी चौकटीत बसवलेला, काचेसारखा चकचकीत पत्रा. त्यावर कंपनीचे चिन्ह, पेटंटचा क्रमांक, खाली पेटंटच्या पहिल्या पानाची बारीक अक्षरांतली नक्कल आणि शोध लावणाऱ्या तिघांची नावे. पहिले नाव आमच्या ठमीचे. मुलीचे नाव नीट छापले आहे ना, हे पाहायला भावजयीने तो पत्रा माझ्याकडे दिला. मी सवयीने वरपासून खालपर्यंत, क्रमांकासकट, सगळे तपासले. चूक नव्हती. अर्थ मला समजला नाही, पण तो तपासायला मला कुणी सांगितलेही नव्हते.

भावाला आनंद तर एवढा झाला, की त्याने शेजाऱ्यांना बोलावून चहा दिला. पण नेम म्हणजे नेम. त्याने तो पत्रा कोठीच्या खोलीच्या दारावर, थेट छताला लागून ठोकला. तिथून चौकट दिसे, अक्षर एक दिसत नसे.

"या घरात लेकीचं नाव वाचायला शिडी लागते," भावजय म्हणाली.

"नाव मला पाठ आहे," तो म्हणाला. "मीच ठेवलंय."

त्या सुमारास पत्रयादीवर कुणीतरी विचारले, की मिस्त्री, तुम्ही बसता कुठे ते तरी दाखवा. त्याने खोलीचा एक फोटो काढून गवंडीच्या पानावर लावला. टेबल, यंत्र, वाळत घातलेले दोन टॉवेल आणि मागे दार.

*

पहिले पत्र आले ते एका पूर-अंदाज केंद्रातल्या बाईंचे. नद्यांच्या पाण्याचा हिशेब करणारा त्यांचा प्रोग्रॅम गवंडीवर बांधला जाई. नदी चढू लागली की त्यांना प्रोग्रॅममध्ये सारखे लहान-लहान बदल करावे लागत, आणि गवंडी ते चटकन बसवून देई. त्यांनी लिहिले होते, की कुणा एका कंपनीची त्यांना नोटीस आली आहे. ही कंपनी काही बनवत नाही, काही विकत नाही. तिच्या मालकीची फक्त पेटंटे आहेत. गवंडी ज्या पद्धतीने ठसा घेतो ती पद्धत आमची आहे, तेव्हा वापर थांबवा किंवा आमच्याशी बोला, असे नोटिशीत होते. पाठोपाठ तशीच पत्रे इतरांचीही आली. नोटीस माझ्या भावाला नव्हती. जो फुकट देतो त्याच्याकडून काय मिळणार? वापरणाऱ्यांना घाबरवले की काम होते.

नोटिशीबरोबर पेटंटचा क्रमांक होता आणि त्यातले मुख्य दावे जोडले होते. भावाने ते पान उघडले नाही.

"दादा, तू वाच," तो म्हणाला. "तुला काय होणार? तू कुठे प्रोग्रॅम लिहितोस?"

मी वाचायला घेतले. एकेक वाक्य पानभर लांब. 'एक वा अधिक संगणकीय साधनांपैकी किमान एका साधनावर साठवलेल्या किमान एका मजकुराच्या ओळखचिन्हाची तुलना करण्याची पद्धत, ज्यात सदर ओळखचिन्ह', आणि असेच पुढे. अशी वाक्ये लिहिणाऱ्याला पूर्णविरामाचे वावडे असावे. पहिल्या वाचनात मला काही कळले नाही. दुसऱ्या वाचनात वाटले, की हे मी कधीतरी लिहिले आहे. फक्त इतके वाईट नव्हते लिहिले.

मग मी क्रमांक पाहिला. आयुष्यभर पानांचे आकडे जुळवण्यात गेलेल्या माणसाला आकडा विसरणे जमत नाही. मी स्वयंपाकघरातून स्टूल आणले, कोठीच्या दारापाशी ठेवले आणि वर चढलो. काचेसारख्या पत्र्यावर धूळ होती. बाहीने पुसली.

भाऊ पडद्यात डोके घालून बसला होता. "दिवा गेला का?" त्याने मागे न पाहता विचारले.

"नाही. ते पेटंट कुणाचं ते सापडलं."

"कुणाचं?"

मला तोंडाने सांगवेना. मी बोट दाखवले. त्याने माझ्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि तो हसला.

"चल, काहीतरीच. ठमीचं ते साठवणुकीचं आहे काहीतरी."

"तू वाचलंयस?"

"छे!"

"मग?"

त्याने खुर्ची दाराकडे वळवली. मग म्हणाला, "वाचून दाखव."

मी स्टुलावर उभा राहूनच वाचले. मधे त्याने हात वर केला. "थांब. ते मागचं पुन्हा वाच." मी पुन्हा वाचले. फायली ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने ठसा घेऊ नये, आधी त्यांचा ठरावीक क्रम लावावा, म्हणजे नुसता क्रम बदलल्याने ठसा बदलत नाही, अशा अर्थाचे काहीतरी होते.

"हे मी तिला बसच्या थांब्यावर सांगितलं होतं," तो म्हणाला. "कॉलेजात होती. बस चुकली आमची त्यात."

"मग चांगलंच आहे की," मी म्हणालो. "तुझंच आहे हे सिद्ध झालं."

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की मी स्टुलावरून उतरलो.

*

अशा फुकट काम करणाऱ्या लोकांना मदत करणारी एक संस्था आहे. तिथल्या वकीलबाईंनी प्रकरण घेतले. त्या पडद्यावर बोलत. आवाज कायम बसलेला, आणि बोलताना त्या सतत गोळ्या चघळत. भावजय दाराशी कपड्यांच्या घड्या घालत ऐकत असे.

"सरळ प्रश्न," वकीलबाई म्हणाल्या. "ठसा असलेला गवंडी तुम्ही लोकांसमोर कधी आणलात? पेटंटच्या अर्जाआधी आणला असेल तर पेटंट पडलं, आपण सुटलो."

"तयार झाल्यावर आणला."

"म्हणजे कधी?"

"अर्ज उन्हाळ्यातला आहे ना? मी त्यानंतरच्या हिवाळ्यात आणला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होता. घरी मी तोच वापरायचो. दोघा-तिघा मित्रांना दिला होता."

"मित्र म्हणजे जग नव्हे. जगाला का नाही दिलात?"

"पूर्ण नव्हता झाला," तो म्हणाला. "मोठ्या फायलींना अडखळायचा. असं अर्धवट कसं द्यायचं लोकांना?"

वकीलबाईंनी गोळी गालातून गालात घेतली. "तुमच्या जातकुळीच्या लोकांचा हा रोगच आहे बघा. चोर अर्धवट घेऊन कचेरीत पळतो आणि तुम्ही घरात घासत बसता."

"चोर नका म्हणू," भावजय दारातून म्हणाली.

वकीलबाईंनी जीभ चावली. पहिले नाव कुणाचे आहे ते त्यांना तोवर कळले होते. मग त्यांनी हळू आवाजात दुसरा रस्ता सांगितला. पेटंट घेणाऱ्याने शपथेवर लिहून दिलेले असते, की हा शोध माझा आहे. तो दुसऱ्याकडून शिकलेला निघाला, तर पेटंट टिकत नाही. त्यासाठी मुलीने सांगायला हवे, की हे मला बाबांनी शिकवले. किंवा बाबांनी सांगायला हवे. तिच्या कॉलेजच्या दिवसांतली बाप-लेकीची पत्रे यंत्रात असतील, तर तीही चालतील.

"आहेत," भाऊ म्हणाला. "सगळी आहेत."

"मग आपण जिंकू शकतो. पण नीट ऐका. तिने शपथेवर खोटं लिहिलं, असा त्याचा अर्थ होतो. तिच्या कंपनीने ही पेटंटं या लोकांना विकली आहेत. खोटा माल विकला म्हणून हे कंपनीला धरणार, आणि कंपनी तिला. नोकरी तर जाईलच. पुढे या धंद्यात तिला कुणी दारात उभं करील असं मला वाटत नाही. खटला होईल की नाही, ते सांगता येत नाही."

"आणि हे नाही केलं तर?"

"तर ठसा काढून टाकावा लागेल. आणि तुमच्यावर वेगळंच येईल. त्यांच्या वकिलाने मला एक फोटो पाठवलाय." त्यांनी तो पडद्यावर दाखवला. टेबल, यंत्र, टॉवेल, दार. दाराच्या वर चौकट. "त्यांचं म्हणणं, तुम्हाला वर्षानुवर्षं माहीत होतं. पेटंट डोक्यावर टांगून तुम्ही तेच काम केलंत."

"पण मी वाचलंच नव्हतं ते!"

"आपल्या मुलीचं पेटंट, आपल्याच दारावर लावलेलं, आणि वाचलं नाही. हे मी न्यायाधीशासमोर कोणत्या तोंडाने सांगू?"

"वाचलं जाऊ नये म्हणूनच इतकं वर लावलं होतं."

"हे तर अजिबात कुणाला सांगू नका," वकीलबाई म्हणाल्या.

*

ठमी आली ती दुपारी, न कळवता. तिला सगळे कळले होते. बूट न काढताच ती कोठीच्या खोलीत आली आणि स्टुलावर बसली. मी उठून जायला लागलो, तर म्हणाली, "काका, तुम्ही थांबा. तुम्ही असलात की बाबा ओरडत नाही."

"मी कधी ओरडलो तुझ्यावर?"

"नाही ना. तेच."

मग ती बोलू लागली. कंपनीत दरवर्षी प्रत्येकाने एक नवी कल्पना द्यावी असा फतवा निघाला होता. पेटंटचे काम पाहणारा माणूस टेबलाटेबलावर फिरे. तो तिला म्हणाला, बाकीचे करत नाहीत आणि तू सहज करतेस असे काय आहे? तिने ठशाचे सांगितले.

"बाबा, खरं सांगते, मला वाटायचं हे सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणजे... बेरीज कशी येते सगळ्यांना, तसं. मी त्याला म्हटलं, अहो हे जुनं आहे, असेल कुठेतरी. तो म्हणाला, शोधलं, कुठे नाही. मी म्हटलं, आमच्या घरी असंच करतात. तो म्हणाला, घरचं राहू दे, छापील कुठे आहे ते दाखव. आणि नव्हतंच ना रे कुठे छापील! तू बाहेर काढलं नव्हतंस!"

"तुझ्याबरोबरचे ते दोघं कोण?"

"साहेब. साहेबांची नावं असतातच."

"आणि सही?" भावजयीने विचारले. ती दारात येऊन उभी होती.

"सगळेच करतात, आई. गठ्ठाच येतो सह्यांचा."

"तुला कळलं कधी? हे बाबांचंच आहे, हे?"

ठमीने बुटांकडे पाहिले. "गवंडीत ठसा आला तेव्हाच. त्या हिवाळ्यात."

"म्हणजे तू तो पत्रा पाठवलास तेव्हा..."

"तेव्हा माहीत होतं. कंपनीनेच परस्पर पाठवला, मी घरचा पत्ता दिला होता." ती घाईने बोलू लागली. "पण कंपनी कधी ते कुणावर उगारत नाही, आई. सगळ्या कंपन्या नुसती कपाटात भरून ठेवतात. दुसऱ्याने आपल्यावर उगारलं तर आपल्याकडेही असावं म्हणून. मला वाटलं, राहील पडून. मग आमचा तो विभाग बंद केला, आणि कपाटच विकलं."

 यंत्राचा पंखा तेवढा चालू होता. भाऊ तिच्याकडे न पाहता टेबलावरची धूळ बोटाने एका रेषेत गोळा करत होता.

"मी सांगते," ठमी म्हणाली. "लिहून देते. तू म्हणशील तसं, बाबा. उद्याच वकीलबाईंकडे जाऊ."

"आणि मग?"

"मग काय. बघू."

त्याने ती धुळीची रेष पुसून टाकली. "नको," तो म्हणाला.

मी तिच्याकडे पाहत होतो. पाहायला नको होते, पण समोरच होती. मला वाटले, आता ती म्हणेल, नाही बाबा, मी जाणारच. एकदा तरी म्हणेल. तिने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, सगळे पाणी एका दमात प्यायली, आणि पेला खाली ठेवला तेव्हा तिचे खांदे चांगले खाली उतरले होते. भावजयीनेही ते पाहिले. ती आत गेली, आणि घडी घातलेलेच कपडे पुन्हा उलगडून घडी घालत बसली.

ठमी गेल्यावर मी धीर करून म्हणालो, "अरे, पण त्या पूरवाल्या बाई..."

"दादा," तो म्हणाला, "ती माझी मुलगी आहे."

 माझ्या जिभेवर होते, की त्या बाईंच्या नदीकाठीही कुणाच्या तरी मुली राहत असतील. पण असली वाक्ये मला कागदावरही लिहायला धीर होत नाही, तोंडाने कुठून म्हणणार.

*

तडजोड झाली. ठसा काढायचा. ठसा असलेल्या सगळ्या जुन्या आवृत्त्या गवंडीच्या पानावरून काढून घ्यायच्या. अशा कामाच्या प्रोग्रॅमला पुन्हा हात लावायचा नाही. आणि हे का झाले, हे कुणालाही सांगायचे नाही. याच्या बदल्यात त्या फोटोबद्दल ते विसरतील. वकीलबाईंनी शेवटच्या अटीवर बोट ठेवून दोनदा विचारले, "ही समजली ना? मित्रांनाही नाही. पत्रयादीवर तर नाहीच." त्याने मान हलवली.

ठसा उपसून काढायला त्याला बरेच दिवस लागले. तो भिंतीत इतका आत बसला होता, की एका जागचा काढावा तर दुसरीकडे फट पडे. मी पुस्तिकेतले ठशाचे प्रकरण काढले. पुढच्या प्रकरणांचे क्रमांक एकेकाने मागे आणले. मजकूर सरळ वाचला गेला; कुठे काही होते असे वाटले नाही. हे काम मला चांगले येते.

पत्रयादीवरची सूचनाही मीच लिहिली. चार ओळी. गवंडीत यापुढे ठसा नसेल, जुन्या आवृत्त्या मिळणार नाहीत, मिस्त्री आता या कामातून बाजूला होत आहेत, तसदीबद्दल क्षमस्व. कारण नाही. कारण नसलेली सूचना किती उद्धट दिसते, हे मला छापून गेल्यावर कळले.

पहिल्या दिवशी लोकांनी विचारले, काय झाले? दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच उत्तरे दिली. एकाने लिहिले, मिस्त्री विकले गेले. दुसऱ्याने विचारले, काय भाव आला? पेटंटवरची नावे कुणीतरी शोधून काढली. मग तर विचारूच नका. 'पहिलं नाव यांच्याच मुलीचं आहे. बापाने फुकट वाटून सवय लावायची आणि मुलीने वसूल करायचं. घरातल्या घरात चोख धंदा!' ज्यांना त्याने रात्रंदिवस उत्तरे दिली होती, ते लोक हे लिहीत होते. त्यांचे तरी काय चुकले? त्यांना जेवढे दिसत होते त्यावरून हेच निघत होते.

तो एकूण एक पत्र वाची. मी म्हणे, "बंद कर ते." तो म्हणे, "हे तर वाचायला बंदी नाही ना?"

पूर-अंदाज केंद्रातल्या बाईंनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी लिहिले, की ठसा नसलेला गवंडी त्यांनी चालवून पाहिला. एक ओळ बदलली तरी आता सगळे पहिल्यापासून बांधले जाते, आणि तेवढ्यात नदी वाट पाहत नाही. ते लोक आता पुन्हा जुन्या पद्धतीने, हातानेच काम करणार होते. 'तुमच्यावर राग नाही,' शेवटी होते. 'पण इतकी वर्षं तुमच्यावर विसंबलो, तर कारण तरी कळावं असं वाटतं.' त्याने उत्तर लिहायला घेतले. मी पाठीमागे होतो. त्याने त्यांचे नाव लिहिले, खाली 'आपले पत्र मिळाले' लिहिले, आणि बराच वेळ त्याच्यापुढे काही आले नाही. मग त्याने ते दोन्ही पुसले.

ठमीचा फोन येतच असे, सुट्टीच्या सकाळी. पूर्वी हे दोघे बोलायला लागले की भावजयीला फोन हातात मिळायची पंचाईत. आता हवापाणी, आईची गुडघेदुखी, इमारतीची बंद पडलेली लिफ्ट. अशाच एका सकाळी मी तिथेच होतो. भाऊ टेबलाशी बसून कागदावर काही काढत होता. प्रोग्रॅमला हात लावायचा नव्हता, पण डोके कुणाला बंद करता येते? ठशाशिवाय, अगदी वेगळ्याच वाटेने, न बदललेली वीट कशी ओळखता येईल, याचे ते चित्र होते. आदल्या दिवशी त्याने मला ते समजावून सांगितले होते आणि मला कळलेही होते. बऱ्याच महिन्यांनी त्याचा आवाज उत्साहाने चढलेला ऐकला होता मी.

फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला होता.

"बाबा, एक विचारू?" ठमी म्हणाली. "आमच्याकडेही आता ठसा वापरायला बंदी आलीय. पेटंट विकलं ना, आम्हालाच आता हक्क नाही. बिल्ड इतका रखडतो, की सगळे माझ्या नावाने खडे फोडतायत. ठसा न घेता काही करता येईल का रे? तुझ्या डोक्यात असणारच काहीतरी."

भावाने समोरच्या कागदाकडे पाहिले. पेन्सिल अजून बोटांत होती. मला वाटले, आता तो सुरू होईल. लहानपणापासून या मुलीने विचारले आणि त्याने सांगितले नाही, असे झालेले मला आठवत नाही. त्यापायी बसही चुकवली होती त्याने.

"मला नाही ठाऊक," तो म्हणाला.

"असं कसं? विचार तरी कर ना जरा."

"नाही ठाऊक, बाळा. तुमच्याकडे मोठी मोठी माणसं आहेत. त्यांना विचार."

 ती फार हुशार मुलगी आहे. तिला कळले असणार.

"बरं," ती म्हणाली. "आई आहे का?"

"आहे. देतो," तो म्हणाला, आणि फोन घेऊन स्वयंपाकघराकडे गेला.